दोनशे चौदा खुणा आणि बदली लॅपटॉप

दिनांक : १९ फेब्रुवारी

प्रति,
मा. अधीक्षक,
प्रौढ दिव्यांग निवासी केंद्र

विषय : रहिवासी क्र. ६३ यांच्यासाठी बदली लॅपटॉप निवडणे, त्यांच्या खुणांच्या उरलेल्या फाइल्स तीन ठिकाणी जपणे, आणि मला एक दुपार त्यांच्याजवळ बसू देणे याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र जा. क्र. ११८, दि. ५ फेब्रुवारी.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर एकाचेच मिळाले).

आदरणीय महोदय,

१. आपले पत्र मिळाले. त्यात आपण खेद व्यक्त केला आहे, त्याबद्दल आभारी आहे. पुढे आपण कळवता की, रहिवासी क्र. ६३ यांच्या लॅपटॉपमधील व सोबतच्या हार्ड डिस्कमधील फाइल्स 'आवाज नसल्याने सदोष' वाटल्या, म्हणून काढून टाकण्यात आल्या. सबब केंद्र बदली लॅपटॉप देण्यास तयार आहे. 'दैनंदिन वापरासाठी' कोणता लॅपटॉप हवा ते अर्जदाराने पंधरा दिवसांत कळवावे, अन्यथा प्रकरण निकाली काढले जाईल. आज चौदावा दिवस आहे. तेरा दिवस मी हेच उत्तर लिहीत होते.

२. रहिवासी क्र. ६३ हा माझा धाकटा भाऊ. वय एकसष्ट. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही व बोलता येत नाही. मी त्याची मोठी बहीण, वय सदुसष्ट. चौतीस वर्षे मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारी. भाऊ त्याच छापखान्यात खालच्या मजल्यावर पुस्तकबांधणीत होता. तिथे सगळे त्याला 'काटकोन' म्हणत, कारण त्याने घातलेल्या कागदाच्या घडीचा कोपरा केसभरही सरकत नसे. आम्ही दोघेही अविवाहित. आई गेल्यापासून एकवीस वर्षे आम्ही दोघेच एका घरात होतो.

हा अर्ज मी स्वतः टंकलिखित केला आहे. मला कंपवात आहे. बोट एकाच अक्षरावर दोनदा पडते. दिसल्या तेवढ्या चुका काढल्या आहेत. ज्या राहिल्या असतील, त्या राहू देणे मला किती जड गेले हे माझ्या धंद्यातले लोकच जाणतील.

३. आमच्या लहानपणी जवळपास बहिऱ्या मुलांची शाळा नव्हती. त्यामुळे शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा भावाला येत नाही, आणि आपल्या केंद्रात महिन्यातून एकदा येणाऱ्या शिक्षकांना त्याच्याशी बोलता आले नाही यात त्यांचा काही दोष नाही. त्याला येते ती आमच्या आईने स्वयंपाकघरात बसून तयार केलेली भाषा. आईच्या मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा डाग होता. म्हणून मनगटावर अंगठा चोळला की 'आई'. नाकावरचा चष्मा वर सरकवला की 'ताई', म्हणजे मी. पोटावर दोन्ही तळवे ठेवून ते थरथरवले की 'छापखाना', कारण यंत्रे सुरू झाली की त्याला ती पोटात कळत. आई गेल्यावर ही भाषा जाणणारी दोनच माणसे जगात उरली, आणि त्यांतला एक तो स्वतः.

४. चार वर्षांपूर्वी माझे हात थरथरू लागले. पहिले काही महिने भावाला वाटे की मी छापखान्यात जायचे म्हणते आहे. तो चपला घालून दाराशी उभा राहायचा. छापखाना त्याच्या कितीतरी आधी बंद पडला होता. तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्या हातांचे शुद्धलेखन बिघडत चालले आहे, आणि माझ्यानंतर त्याचे बोलणे वाचणारे कोणी नाही. म्हणून त्याच्या सगळ्या खुणांचे व्हिडिओ करून ठेवायचे ठरवले, व त्यासाठी लॅपटॉप घ्यायला आम्ही दोघे दुकानात गेलो.

दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारले, कशासाठी हवा? मी म्हटले, "रोजच्या वापराला." मग मला ते अपुरे वाटले, म्हणून म्हटले, "माझ्यानंतरच्या रोजच्या वापराला." त्याने हातातले माहितीपत्रक खाली ठेवले आणि आम्हाला बसायला दोन स्टुले दिली.

त्याने जे समजावले ते मी वहीत लिहून घेतले होते, व तेच आपल्या प्रश्नाचे उत्तर असल्याने इथे उतरवते. व्हिडिओ पाहायला आणि चार ओळी लिहायला महागडे यंत्र लागत नाही. खेळांसाठीचा लॅपटॉप तर मुळीच नको; तो जड असतो आणि तापतो. पडदा मोठा, पंधरा इंची असावा, पण चकचकीत नसावा, कारण चकचकीत पडद्यात समोरची खिडकी दिसते आणि आतले हात दिसत नाहीत. साठवण एसएसडीची असावी, म्हणजे हिसका बसला तरी सहसा बिघडत नाही. मेमरी आठ जीबी चालेल, सोळा असेल तर चार वर्षांनी अडखळणार नाही. बॅटरी कामाच्या वेळेला पुरणारी हवी. दुकानातल्या आकड्यांवर जाऊ नका, ज्याला वापरायचा आहे त्याच्या हातात देऊन बघा, असे त्याने शेवटी सांगितले.

तसे केले. भावाने प्रत्येक लॅपटॉपचे झाकण उघडले, मिटले, पुन्हा उघडले. जिथे झाकण बुडाला जोडलेले असते तिथून त्याने पुस्तकाच्या पाठीवरून फिरवावा तसा अंगठा फिरवला. दोन यंत्रे त्याने सरळ बाजूला सारली. तिसऱ्यावर त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून ओढल्यासारखे केले. याचा अर्थ 'बांधणी पक्की आहे.' दुकानदाराने मला अर्थ विचारला व मी सांगितला, तेव्हा तो म्हणाला की परत आलेल्या तक्रारी पाहिल्या तर त्याचेही मत हेच आहे. कॅमेऱ्याची परीक्षाही भावानेच घेतली. स्वस्त कॅमेऱ्यात त्याची बोटे धुरकट होत, म्हणून कॅमेरा वेगळा घेतला.

५. व्हिडिओ करायला सात महिने लागले. याचे कारण असे की भाऊ मागितली म्हणून खूण करीत नाही. त्याला तहान लागली तरच तो 'पाणी' म्हणतो. आपणही रिकाम्या खोलीत 'वाचवा' म्हणत नाही. मी जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात कॅमेरा लावून ठेवी आणि वाट पाही. पाणी, जेवण, मीठ कमी, झोप, दार, आई, ताई अशा सोप्या खुणा आधी मिळाल्या. अवघड होत्या त्या शेवटी. 'भीती वाटते' ही खूण मिळायला सहा महिने लागले. शेजारच्या इमारतीला आग लागली त्या दिवशी ती मिळाली. 'आत दुखतंय' ही खूण त्याच्या दाढेमुळे मिळाली, आणि दंतवैद्याकडे नेण्याआधी मी त्याला तीन मिनिटे कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले, याची मला अजून लाज वाटते. अशा दोनशे चौदा फाइल्स झाल्या. प्रत्येकीला क्रमांक व नाव दिले, आणि खाली अर्थाची एक ओळ लिहिली. आवाज मी मुद्दाम बंद ठेवला होता. त्यात ऐकण्यासारखे काही नव्हते.

६. आता माझी चूक नमूद करते. दुकानातल्या तंत्रज्ञाने मला बॅकअपचा नियम तीनदा सांगितला होता : एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर, दुसऱ्या कोणाकडे तरी किंवा इंटरनेटवर. आणि अधूनमधून प्रत उघडून पाहा, नुसती ठेवू नका. इंटरनेटवर भावाचा चेहरा ठेवायला माझे मन धजले नाही. पहिल्या एकेचाळीस फाइल्स झाल्या तेव्हा मी एक पेन ड्राइव्ह भरून भाचीकडे, म्हणजे आमच्या चुलत बहिणीच्या मुलीकडे, ठेवायला दिला. पुढच्या भरायच्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात करू, असे म्हणत राहिले. चौतीस वर्षे मी लेखकांना सांगत आले होते की हस्तलिखिताची एकच प्रत घेऊन घराबाहेर पडू नका.

दुसरी प्रत डिस्कवर पूर्ण होती. पण गेल्या ऑगस्टमध्ये उकळत्या पाण्याचे भांडे माझ्या हातून सुटून भावाच्या पायावर पडले, डॉक्टरांनी व भाचीने आम्हाला यापुढे एकटे राहू द्यायचे नाही असे ठरवले, भाऊ आपल्याकडे आला व मी भाचीकडे गेले. त्या गडबडीत मी लॅपटॉप आणि डिस्क एकाच पिशवीत घातली. दोन्ही त्याच्याजवळ असले म्हणजे तो अधिक सुरक्षित, असे मला वाटले. प्रवेशाच्या दिवशी ती पिशवी मी आपल्या कार्यालयात दिली आणि वर चिठ्ठी लावली : 'याच्याशी बोलण्यापूर्वी कृपया पाहावे.'

७. पुढे काय झाले ते मला आपल्या पत्रातून आणि थोडे विचारपूस करून कळले. पिशवी भांडारात गेली. महिन्याभराने कार्यालयाचा संगणक बंद पडला, तेव्हा हजेरीच्या कामासाठी भावाचा लॅपटॉप काढण्यात आला व तो तिथेच राहिला. जागा कमी पडू लागली. आपल्या संगणक चालकांनी पाच-सहा व्हिडिओ उघडून पाहिले. एक म्हातारा माणूस हात हलवतो आहे आणि आवाज येत नाही. त्यांनी स्पीकर तपासला, वायर तपासली, आणि फाइल्स खराब आहेत असे ठरवले. मी त्यांना भेटले आहे. ते सभ्य गृहस्थ आहेत. ते मला म्हणाले, "ताई, खरंच सांगतो, मी आवाज यावा म्हणून अर्धा तास खटपट केली." माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही आवाजच शोधला असता.

डिस्कही कोरी करून वापरात घेतली गेली. तिच्यावर आता केंद्राच्या हजेरीचा बॅकअप असून तो दर शुक्रवारी न चुकता घेतला जातो, असे आपल्या पत्रात नमूद आहे. त्याबद्दल केंद्राचे अभिनंदन.

८. फाइल्स कोणी पाहिल्या नाहीत याचा परिणाम असा झाला. भावाची 'पाणी' ही खूण म्हणजे अंगठ्याची पेरे गळ्यावरून आडवी फिरवणे. घसा कोरडा पडला, असा तिचा अर्थ. आपल्या नोंदवहीत १४ सप्टेंबरपासून पाच ठिकाणी लिहिले आहे : 'रहिवासी गळा कापण्याची धमकी देतो.' सहाव्या ठिकाणी : 'रहिवाशास इतरांपासून वेगळ्या खोलीत हलवले.' सातव्या ठिकाणी शांत राहण्याचे औषध सुरू केल्याची नोंद आहे. आठव्या ठिकाणी, ९ ऑक्टोबर रोजी, अंगातले पाणी कमी झाल्याने त्याला दोन दिवस रुग्णालयात ठेवल्याची नोंद आहे.

ही नोंदवही मला दाखवण्याचे सौजन्य आपण केले. मी ती सवयीने वाचली. एकही शब्द चुकलेला नव्हता. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर होते.

महोदय, त्याने पाच वेळा पाणी मागितले. नोंद केली नाही असे निदान पाच वेळा तरी आणखी मागितले असेल.

९. लॅपटॉप व डिस्क मी केंद्राच्या परवानगीने दुकानातल्या त्याच तंत्रज्ञाकडे नेली. त्याने चार दिवस प्रयत्न केले. लॅपटॉपमधून काही आले नाही. डिस्कवर नवीन मजकूर बसल्याने व्हिडिओ परत येणार नाहीत, पण फाइल्सची नावे मिळाली, असे त्याने सांगितले व दोनशे चौदा नावांची यादी छापून दिली. अनुक्रमणिका उरली, पुस्तक गेले. भाचीकडच्या पेन ड्राइव्हवर पहिल्या एकेचाळीस आहेत. त्यांत 'पाणी' आहे. 'भीती वाटते' नाही, 'आत दुखतंय' नाही, 'घरी कधी जायचं' नाही.

आपण विचाराल की उरलेल्यांचे वर्णन अर्जदाराने लिहून का देऊ नये. मी प्रयत्न केला. 'मूठ हळू उघडणे' असे चार खुणांपुढे लिहावे लागले. 'संपले', 'पाऊस', 'चुकलो', आणि 'ती गेली'. चारही वेळा मूठ हळूच उघडते. फरक चेहऱ्यात आहे, आणि चेहऱ्याला माझ्याकडे शब्द नाही. त्या खुणा मी करून दाखवाव्यात, तर माझ्या हातात त्या आता ओळखू येत नाहीत.

१०. सबब माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

बदली लॅपटॉप परिच्छेद ४ मध्ये लिहिल्याप्रमाणे असावा. कोणत्या कंपनीचा, याबाबत माझा आग्रह नाही. घेण्यापूर्वी झाकण भावाला उघडून-मिटून पाहू द्यावे. तो दोन-तीन नाकारील, त्याचा राग मानू नये. लॅपटॉप भांडारात न ठेवता जेवणघरात, सेवकांना दिसेल असा ठेवावा. एकेचाळीस फाइल्सची एक प्रत त्यावर, दुसरी आपल्या शुक्रवारच्या बॅकअपमध्ये, आणि तिसरी भाचीकडे राहील. दर तीन महिन्यांनी कोणीतरी एखादी फाइल उघडून पाहावी. फाइल्सवर मी 'आवाज नाही, बरोबर आहे' असे लिहून देत आहे.

नोंदवहीतील 'धमकी' हा शब्द पाच ठिकाणी खोडून तेथे 'पाणी मागितले' असे लिहावे. पान बदलू नये. खोडलेले दिसू द्यावे. औषधाबाबत आपल्या डॉक्टरांनी या दुरुस्त नोंदीच्या आधारे पुन्हा विचार करावा.

११. आपल्या धुलाई विभागातील मावशींचा उल्लेख केल्याशिवाय हा अर्ज अपुरा राहील. नोव्हेंबरपासून भाऊ त्यांच्याकडे चादरींच्या घड्या घालायला बसतो. ही परवानगी कोणी दिली ते मला ठाऊक नाही. ज्याने दिली त्याचे भले होवो. जानेवारीत त्यांनी मला फाटकाशी गाठले आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाने घातलेली घडी मोडायला जिवावर येतं हो." मग त्यांनी अंगठा गळ्यावरून फिरवला आणि विचारले, हे पाणीच ना? त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी पाहिले होते की तो ही खूण साबणाच्या बादलीकडे पाहून करीत नाही, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाकडे पाहून करतो. आता त्या त्याला रोज दोन पेले देतात. महोदय, सात महिने कॅमेरा लावून मी जे केले, ते या बाई कपडे वाळत घालता घालता करीत आहेत. त्यांना कामाच्या वेळेतील अर्धा तास भावाजवळ बसण्यासाठी अधिकृतपणे द्यावा. त्यांना लिहिता येत नाही, पण फोनवर व्हिडिओ करता येतो. हरवलेल्या एकशे त्र्याहत्तर खुणांपैकी त्यांना जेवढ्या मिळतील तेवढ्या मिळतील.

१२. शेवटचा मुद्दा माझ्या भेटींबाबत. मी येऊन गेल्यावर रहिवासी अस्वस्थ होतो, या कारणास्तव २५ जानेवारीपासून माझ्या भेटी स्थगित केल्या आहेत. तो अस्वस्थ का होतो, हे मी सांगू शकते.

त्या दिवशी आम्ही भेटीच्या खोलीत समोरासमोर बसलो होतो. मी त्याला 'पुन्हा येईन' असे सांगत होते. ते सांगायला हात स्थिर लागतो, आणि माझे दोन्ही हात त्या दिवशी फार थरथरत होते. त्याने ते बराच वेळ पाहिले. मग उठून आपल्या खोलीत गेला आणि स्वतःचा स्वेटर घेऊन आला. मला घातला. पाचही बटणे लावली, गळ्याशी नीट केला, आणि माझे हात बाह्यांच्या आत सारले. मी तो काढू लागले तर त्याने काढू दिला नाही. तेव्हा भेटीची वेळ संपली व सेवक त्याला आत घेऊन गेले. जाताना तो मागे वळून वळून माझ्या हातांकडे पाहत होता. ते थांबले नव्हते.

मावशी सांगतात की तेव्हापासून त्याने दुसरा स्वेटर अंगाला लावून घेतलेला नाही, आणि सकाळच्या थंडीत तो सदऱ्यावरच फाटकाशी जाऊन उभा राहतो. ताईला थंडी वाजते आहे, आणि कोणी काही करीत नाही, अशी त्याची समजूत झाली आहे. आपल्या नोंदवहीत हे 'पळून जाण्याचा प्रयत्न' असे नोंदले गेले आहे.

मला थंडी वाजत नाही, आजार आहे, तो दुखत नाही, हे त्याला सांगायला हवे. ते सांगणारी खूण दोनशे चौदांत नव्हती. आईच्या वेळी अशा खुणेची गरज पडली नाही, आणि नंतर मी ती केली नाही, कारण त्याच्यापासून लपवण्याजोगी माझ्याजवळ ती एकच गोष्ट होती. आता ती खूण आम्हा दोघांना मिळून करावी लागेल. त्यासाठी मला त्याच्याजवळ एक दुपार हवी आहे. खिडकीजवळची जागा मिळाल्यास बरे. मावशींनी कॅमेरा धरावा.

स्वेटर धुऊन सोबत पाठवीत आहे. त्याला तो कोणी घालू नये. मी आल्यावर मी घालीन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही थरथरल्यामुळे प्रवेश अर्जावरील सहीशी जुळत नाही, पण माझीच आहे.)

अर्जदार
रहिवासी क्र. ६३ यांची ताई

सोबत :
१) पेन ड्राइव्हची प्रत, फाइल्स ४१ (आवाज नाही, बरोबर आहे).
२) दोनशे चौदा फाइल्सच्या नावांची यादी, पाने ६.
३) नोंदवहीतील दुरुस्त्यांचा तक्ता, पान १.
४) स्वेटर, राखाडी, १.